वसई तालुका: महापालिका एक, पोटापाण्याची गणितं तीन

चाफेवाला

वसईतल्या गावांचा विषय निघाला की एकजण म्हणतो गावं वगळा, दुसरा म्हणतो विकास पाहिजे तर महापालिका पाहिजे, आणि बोलणं तिथेच अडतं. या तालुक्यात कोण कशावर जगतं, हे कुणी मांडतच नाही. ते मांडल्याशिवाय कुठली व्यवस्था कुणाच्या सोयीची हे कळणार नाही, म्हणून हा धागा. मी पश्चिम पट्ट्यातला, वाडीवाला. कारखाने आणि पूर्वेकडचे पाडे यांची माहिती असणाऱ्यांनी भर घालावी.

नवीन लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. वसई, नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. नावात शहर आहे, पण हद्दीत भातशेती आहे, पानवेलीच्या वाड्या आहेत, मिठागरं, कोळीवाडे, दगडखाणी आणि जंगलाला लागलेले पाडेही आहेत. गावांचा विरोध सुरुवातीपासूनच होता. त्याच वर्षी विवेक पंडित वसईतून अपक्ष आमदार झाले ते त्या विरोधाच्या जोरावर. २०११मध्ये शासनाने २९ गावं वगळली. महापालिका उच्च न्यायालयात गेली, प्रकरण वर्षानुवर्षं रखडलं, आणि २०२४मध्ये शासनाने आधीचा निर्णय फिरवून ती गावं आतच ठेवली.

तालुक्याची लोकसंख्या २००१मध्ये ८ लाखांच्या आसपास होती, २०११मध्ये १३ लाख ४३ हजार झाली. त्यातले १२ लाख २२ हजार महापालिकेच्या हद्दीत. २०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणजे पाणी किती लागेल, शाळा किती लागतील हे सगळं अजून त्या जुन्या आकड्यावर चाललंय. विरार स्टेशनबाहेर सकाळी उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, तो आकडा कधीच मागे पडला.

तालुक्याचे उभे तीन पट्टे पडतात. समुद्र ते रेल्वे हा वाड्यांचा. रेल्वेच्या दोन्ही बाजूंनी इमारती आणि चाळी. हायवेच्या पलीकडे गाळे, गोदामं, मग तुंगारेश्वरचा डोंगर आणि त्यामागे पारोळ, उसगाव, भाताणे हा भाग.

आमच्या पट्ट्यात अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज अशी गावं. सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी, आगरी, किनाऱ्याला कोळी. पूर्वी केळी आणि पानवेल हीच मुख्य पिकं. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी निर्मळच्या जत्रेत अजून मिळतात, पण करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. आता वाडी तगते ती फुलांवर आणि भाजीवर. सोनचाफा, मोगरा, तगर, जास्वंद. सोनचाफ्याचं गणित वेळेचं आहे. कळी पूर्ण उमलायच्या आत, उजाडता उजाडता खुडायची, मोजून पिशव्यांत भरायची आणि लोकलने दादरच्या फुलबाजारात पोचवायची. तासभर उशीर झाला की भाव पडतो. गणपती-नवरात्रात बरे पैसे होतात, आषाढात मालाला विचारत नाहीत. एवढ्याशा जागेत वर्षभर रोख पैसा देणारं दुसरं पीक मला तरी माहीत नाही.

या सगळ्याच्या बुडाशी पाणी आहे. किनारपट्टीवर जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर, त्याच्या खाली खारं. जुन्या माणसांनी वाड्यांत बावखलं खणून ठेवली. ही बावखलं म्हणजे उघडी तळी, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि सावकाश मुरतं, त्यावर आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. रहाटाच्या काळात उपसा बेताचा होता. पंप आले, मग ऐंशीच्या दशकात नव्या इमारतींसाठी टँकर आले आणि आमच्या विहिरी शहराकडे वाहायला लागल्या. विहिरी खाऱ्या होऊ लागल्या तेव्हा गावं रस्त्यावर उतरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती त्या दिवसांत. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, इथे त्यांची ओळख आधी पाणी आणि झाडं वाचवणारा माणूस अशी आहे.

माझं म्हणणं एवढंच: तीन पट्ट्यांना एकच नियमावली, एकच घरपट्टीचा हिशोब आणि एकाच सभागृहातले ११५ नगरसेवक असले, तर ज्याची डोकी जास्त त्याच्या मनासारखं होणार. वाडीची जमीन आणि वाडीचं पाणी यावर वाडीवाल्याचा शब्द कुठे मोजला जातो?

सोपारा लोकल

धागा चांगला आहे, पण "इमारती आणि चाळी" एवढ्या तीन शब्दांत आमचा पट्टा संपवलात. तालुक्यातली बहुसंख्य माणसं तिथे राहतात हो.

माझे सासरे लालबागला गिरणीत होते. १९८२चा संप झाला, पुढे गिरणी गेली, खोली विकून नालासोपारा पूर्वेला आलो. आमच्या चाळीतली निम्मी घरं अशीच: परळ, काळाचौकी, भायखळा, मूळ गाव सिंधुदुर्ग नाहीतर रत्नागिरी. नंतर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानची माणसं आली. मुंबईत काम आहे पण मुंबईत घर परवडत नाही, अशी सगळी माणसं रेल्वेने उत्तरेला ढकलली. विरारपर्यंत रोजची गाडी १८६७पासून आहे, विजेवरची १९३६पासून. घरं रेल्वेच्या मागे आली, बाकी सोयी मात्र आल्याच नाहीत.

आमचं अर्थकारण ऐका. नवरा अंधेरीला, मी मालाडला. पहाटेचं पाणी भरून, डबे करून गाडी पकडायची. कमाई मुंबईत, खर्च इथे. पगाराचा मोठा हिस्सा घराचा हप्ता, क्लासची फी आणि पाण्यावर. हो, पाण्यावर. नळ एक दिवसाआड, तोही कमी दाबाने, म्हणून सोसायटी टँकर मागवते आणि दरमहा मेंटेनन्समध्ये टँकरची वेगळी वर्गणी येते. दोन्हीकडे पैसे आम्हीच भरतो.

तुमच्या विहिरी आम्ही आटवल्या असं वाचलं की वाईट वाटतं. टँकरवाला पाणी कुठून आणतो हे आम्हाला कुणी सांगत नाही, आणि बिल्डरने फ्लॅट विकताना पाणी येणार असंच लिहून दिलं होतं.

वालीव

गाळ्यांबद्दल मी सांगतो, आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे.

वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, कामण या भागात बहुतेक खासगी औद्योगिक वसाहती आहेत. मुंबईत गाळा परवडेना तसे गोरेगाव-कांदिवलीचे लहान कारखानदार खाडी ओलांडून इकडे आले. स्टीलची भांडी, प्लास्टिक, वायर, पॅकेजिंग, सुटे भाग, इमिटेशन दागिने. एका गाळ्यात पाच-पंचवीस माणसं, बहुतेक ठेकेदारामार्फत. पीएफ-ईएसआय असलेले थोडे, रोजावरचे जास्त. तेच कामगार धानीव, बिलालपाडा, संतोषभुवनच्या चाळींत राहतात, कारण कामावर चालत जाता येतं.

आमची अडचण पाणी आणि रस्ता. पावसात वीज जाते आणि साच्यातला माल साच्यातच गोठतो, तो काढून मशीन परत चालू करायला अर्धी पाळी जाते. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर ट्रक अडकला की ऑर्डर उशिरा, आणि उशिराचा दंड आमच्या बिलातून. तालुक्याला स्थानिक रोजगार देणारा पट्टा हाच आहे, तरी आराखड्याच्या चर्चेत आम्हाला कुणी धरत नाही. अग्निशमनची गाडी आत वळू शकेल एवढी रुंद गल्ली असावी, इतकी साधी मागणी आहे.

दूरदेशी नंदाखाल

चाफेवाला, आपल्या पट्ट्याबद्दल एक मुद्दा तुम्ही सोडला. वाडीवर घर चालतं हे आता अर्धसत्य आहे. आमच्या आळीत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेर आहे: आखातात, जहाजावर, कॅनडात. मीही त्यातलाच. वाडी आई-वडील बघतात, खुडायला मजूर लागतात, घर दुरुस्त होतं ते परदेशातून आलेल्या पैशावर.

ही ताकद एका दिवसात आलेली नाही. बसीन कॅथॉलिक बँक १९१८ची आहे, सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायला सुरू झालेली. चर्चच्या मराठी शाळा, मग गोन्सालो गार्सिया कॉलेज, वर्तक कॉलेज. शिक्षण आणि पतपुरवठा गावातच होता म्हणून पश्चिम पट्टा सावरला. पूर्वेला यातलं काहीच पोचलं नाही आणि आपण पश्चिमेवाल्यांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपल्या वाडीत कळ्या खुडायला येणारी बाई कुठल्या पाड्यावरून येते, हे किती घरांत माहीत आहे?

पाड्यावरची शाळा

माहीत असेल तर बरंच. मी पूर्वेला शिक्षिका आहे, वारली, कातकरी आणि मल्हार कोळी मुलांच्या शाळेत. इथे "महापालिका की ग्रामपंचायत" हा वाद ऐकूच येत नाही. इकडची बरीचशी गावं ग्रामपंचायतीतच आहेत.

आमच्याकडे वर्षाचे दोन भाग पडतात. पावसाळ्यात भात, थोडी नागली-वरी, रानभाजी, मासे-खेकडे. दिवाळी झाली की जगायला बाहेर. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. भट्टीमालक आधीच उचल देतो, बहुधा लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी, आणि मग सगळं कुटुंब ती उचल फेडत पावसापर्यंत विटा पाडतं. नवरा-बायको मिळून एक जोडी धरतात, हजार विटांवर मजुरी. मुलं माती आणतात, पाडलेल्या विटा उलथतात. हिशोब मालकाच्या वहीत. पाऊस लागला की मालक वही उघडतो आणि पुष्कळदा कुटुंबाच्याच अंगावर बाकी निघते, ती पुढच्या हंगामाची उचल ठरते. माझ्या वर्गाचा पट नोव्हेंबरमध्ये निम्मा होतो तो यामुळे.

श्रमजीवी संघटना १९८२मध्ये याच तालुक्यातून सुरू झाली, वेठबिगार सोडवण्यासाठी. तेव्हाची उघड वेठ मोडली ही फार मोठी गोष्ट आहे. उचलीची गाठ मात्र पूर्ण सुटलेली नाही. जी मुलं दहावीपर्यंत टिकतात ती आता वालीवच्या गाळ्यात, कामणच्या गोदामात हमालीला, हायवेवरच्या हॉटेलात जातात. वालीवदादा, तुम्ही म्हणता तो स्थानिक रोजगार आमच्या मुलांपर्यंत पोचतो तो झाडू मारण्यापासून. मशीनवर बसवायला आयटीआय लागतं आणि आयटीआयला जायला सकाळची एसटी लागते.

चाफेवाला

ताई, हे सगळ्यांनी वाचावं असं लिहिलंत. आमच्याकडे खुडायला येणाऱ्या बायका मांडवीच्या पुढून येतात, वाटेतच त्यांचा बराच वेळ जातो. रोजंदारी ठरवताना तो वेळ कुणी धरत नाही, आम्हीही नाही धरला.

सोपारा लोकल, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. दोष राहायला येणाऱ्याचा नाही. १९९०मध्ये सिडको ही शासनाची शहरं वसवणारी कंपनी नियोजन प्राधिकरण म्हणून आली, २०१०पर्यंत नियोजन तिच्याकडे होतं. परवानग्या भराभर दिल्या गेल्या, पाणी-गटार मागाहून बघू म्हणाले. त्याची किंमत तुम्ही टँकरच्या वर्गणीत देताय आणि आम्ही खाऱ्या विहिरींत.

सूर्याकाठ

मी पालघरचा, पण पाण्याचा विषय आहे म्हणून लिहितो. वसई-विरारला उसगाव आणि पेल्हारची धरणं अपुरी पडली, म्हणून सूर्या प्रकल्पाचं पाणी आणलं. हा प्रकल्प मुळात डहाणू-पालघर-विक्रमगडच्या आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी होता. आता एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) रोज ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला आहेत. आमच्याकडे कालव्याच्या शेवटच्या टोकाला उन्हाळी भातासाठी माणसं पाण्याची वाट बघत बसतात. तुमच्या पश्चिम पट्ट्यात १९८९च्या सुमारास जे झालं तेच आता आमच्या वाट्याला. नालासोपाऱ्यातल्या ताईंना पाणी मिळू नये असं नाही म्हणत मी. पण तालुक्याचा जमाखर्च मांडताना पाणी कुठून येतं हा रकाना रिकामा ठेवू नका.

कोळीवाडा

पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा. आमचा उल्लेख एका ओळीत आला. बोटी आहेत, डिझेलचे भाव आहेत, माशांची आवक घटली आहे. बोंबील वाळवायला किनाऱ्यावर मोकळी जागा लागते, ती कुठल्याच नकाशात "उद्योग" म्हणून नोंदलेली नाही. त्यामुळे कुणीही ती रिकामी जागा समजतो. सध्या एवढंच.

सोपारा लोकल

पुराचं कुणीच बोललं नाही. जुलै २०१८ला रुळांवर पाणी, गाडीत माणसं अडकलेली, आमच्याकडे कित्येक तास वीज नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईचं शिवणयंत्र पाण्यात. त्यानंतर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्या समितीने धारण तलाव, म्हणजे पावसाचं जादा पाणी थोपवून धरणारे तलाव करायला सांगितले. मिठागरं आणि खाजणं भरणी टाकून बुजवली तर पाणी जाणार कुठे? आणि भरणीवर घर घेणाऱ्याला तर जमीन आधी काय होती हेच ठाऊक नसतं.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती २०२४च्या अखेरीपासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. जागा डम्पिंग आणि सांडपाणी केंद्रासाठी आरक्षित होती. घर घेणारे रस्त्यावर आले. २०२५च्याच ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ जीव गेले. अनधिकृत बांधकामावर पालिका शास्ती लावते आणि ती राहणाऱ्याच्या घरपट्टीतून वसूल होते. बांधणाऱ्याकडून काय वसूल झालं?

वालीव

ताई, यात एक पोटविषय आहे. अधिकृत घर परवडत नाही म्हणून कामगार चाळीत जातो, आणि चाळ पडली की माझा माणूस आठवडाभर कामावर येत नाही. मी मालक असलो तरी त्याच साखळीत आहे. कामाच्या जागेजवळ भाड्याची स्वस्त, कायदेशीर घरं हा या शहराचा पहिला उद्योग असायला हवा होता. पाड्यावरच्या मुलांचंही पटलं. आमच्या वसाहतीत शिकाऊ उमेदवार घेण्याबद्दल मी बोलतो, एसटीच्या वेळा कळवा.

पाड्यावरची शाळा

व्यक्तिगत निरोप केला आहे. पाच-सहा मुलं तयार आहेत, दोघी मुलीही. येण्याजाण्याची सोय झाली तरच पालक मुलींना पाठवतील.

नकाशावाला

नगररचनेत काम केलंय म्हणून चाफेवाल्यांच्या मूळ प्रश्नावर येतो. गावं आत की बाहेर हे आता शासनाने ठरवलंय, न्यायालयात जे व्हायचं ते होईल. पण आत राहूनही पट्टेनिहाय वेगळे नियम करता येतात. विकास आराखड्यात जमिनीचा वापर ठरतो, आणि विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीची उंची, चटई क्षेत्र, भरणी यांच्या अटी भागानुसार बदलता येतात. जुना आराखडा २०२१पर्यंतचा होता, पुढचा बनतोय. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात आणि त्या काळात बहुतेक गावं मोर्चे काढत बसतात. मोर्चा काढा, पण सर्व्हे नंबर लिहून हरकतही द्या. सुनावणीत "आमचं गाव हिरवं ठेवा" याला वजन नाही. "अमुक सर्व्हे नंबरमध्ये बावखल आहे, त्यावर अमुक विहिरी अवलंबून आहेत, ते जलसाठा म्हणून दाखवा" याला आहे.

बरीच बावखलं खासगी किंवा सामाईक मालकीची आहेत. सातबाऱ्यावर त्यांची जलसाठा म्हणून नोंद नसेल तर नकाशावर ती साधी जमीन दिसते आणि भरणी टाकायला कुणाची आडकाठी राहत नाही. धारण तलावांसाठी जागा शोधतायत, आणि आधीपासून असलेले शेकडो छोटे धारण तलाव नकाशावर नाहीत.

दूरदेशी नंदाखाल

आमच्या घराच्या मागचं बावखल चार भावांच्या नावावर आहे, त्यातले तिघे परदेशात. सही कुणाची लागेल?

नकाशावाला

हरकत द्यायला मालक असायचीही गरज नाही, कुणीही नागरिक देऊ शकतो. मालकांपैकी एकाने दिली तर उत्तमच. सोबत गाव नकाशाचा उतारा, मे महिन्यातला आणि पावसाळ्यातला फोटो, आणि आसपासच्या विहिरींची यादी जोडा. कोळीवाडावाल्यांनी वाळवणाच्या जागेसाठी हेच करावं. सोपारा लोकल, तुमच्या सोसायटीने पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं ते रस्त्यांच्या नावांसकट लिहून द्यावं, ती माहिती पालिकेच्या कागदांत नसते.

चाफेवाला

वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव या चार गावांच्या बावखलांची यादी मी करायला घेतो. अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, बोळींज कुणी घेईल का? सर्व्हे नंबर तलाठी कार्यालयातून मिळतील, वयस्कर माणसांना विचारल्याशिवाय बुजवलेली मात्र सापडणार नाहीत.

सोपारा लोकल

सोपारा पश्चिमेला गासकडच्या रस्त्यालगत दोन होती, एकावर आता पार्किंग आहे. रविवारी जाऊन बघते आणि फोटो टाकते.